मागे पडली म्हणून पुसलेली प्रत: गिटलॅब, 31 जानेवारी 2017

गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटचा डेटाबेस चुकून पुसला गेल्याची गोष्ट डेटाबेस सांभाळणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेली असते. ती सांगायची एक ठरलेली पद्धतही आहे. उशिरापर्यंत जागलेला इंजिनिअर, भलत्याच सर्व्हरवर दिलेली कमांड, पाच तऱ्हांची तजवीज आणि त्यातली एकही ऐनवेळी धड कामाला न येणं. मग सांगणारा बोट उगारून म्हणतो, ‘रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे!’, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर सतत ताजी ठेवलेली प्रत हा बॅकअप नव्हे. वाक्य सोळा आणे खरं आहे, पण गिटलॅबच्या त्या रात्रीला ते नीटसं लागू पडत नाही. घटनाक्रम सावकाश वाचला की दुसरंच काही डोळ्यांत भरतं. कंपनीकडे प्रॉडक्शनची, म्हणजे प्रत्यक्ष चालू डेटाबेसची, जी सगळ्यात ताजी जादा प्रत होती, ती चुकून गेलीच नव्हती. ती जाणूनबुजून, नेहमीच्या रिवाजाने पुसली होती, आणि पुसताना कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

हे सगळं इतक्या तपशिलात कळतं याचं श्रेय कंपनीला द्यायला हवं. साइट बंद असतानाच त्यांनी आपलं गूगल डॉक, ज्यात इंजिनिअर काय केलं आणि काय घडलं ते टिपत होते, सगळ्यांना वाचायला खुलं केलं. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. एका वेळी सुमारे पाच हजार लोक ते बघत होते. 10 फेब्रुवारीला सविस्तर अहवाल आला, त्यात सीईओंची माफीही होती. सर्व्हर बसला की ‘मेंटेनन्स चालू आहे’ची पाटी लावून मोकळं व्हायची सवय असलेल्या या धंद्यात एवढा मोकळेपणा मी तरी फारसा पाहिलेला नाही.

दोन सर्व्हर, एक कीर्द

गिटलॅब ही सॉफ्टवेअरचा कोड ठेवायची, त्यातल्या चुका नोंदवायची आणि त्यावर वाद घालायची जागा. कोड स्वतः वेगळ्या फाइल सर्व्हरवर असतो. खाती, प्रोजेक्टची माहिती, इश्यू (चुकांच्या नोंदी), कॉमेंट, स्निपेट (कोडचे छोटे तुकडे) हा बाकीचा संसार डेटाबेसमध्ये. 2017 च्या सुरुवातीला साइटचा हा सगळा डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या दोन सर्व्हरवर उभा होता. डीबी-1 हा प्रायमरी, वाचन आणि लेखन दोन्हीचा भार एकट्या त्याच्यावर. डीबी-2 हा सेकंडरी. त्याने डीबी-1 ची हुबेहूब प्रत बाळगायची आणि डीबी-1 आडवा झालाच तर त्याच्या जागी उभं राहायचं, एवढंच त्याचं काम.

प्रत ताजी कशी राहते, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोस्टग्रेस कुठलाही बदल आधी ‘वॉल’मध्ये, म्हणजे राइट-अहेड लॉगमध्ये, क्रमाने उतरवतो, डेटाच्या मुख्य फाइली मागाहून सवडीने बदलतात. पेढीवर आधी रोजकीर्द लिहितात आणि मग तिच्यावरून खतावणी करतात, तोच प्रकार. प्रायमरीची कीर्द सेकंडरीकडे अखंड येत असते आणि ती वाचून सेकंडरी स्वतःची खतावणी भरत जातो. पानं सलग मिळत राहिली की दोन्हीकडचे आकडे जुळतात. मधलं एक पान हुकलं, तर पुढची हजार पानं हातात असूनही उपयोग नाही.

ग्यानबाची मेख इथेच आहे. ही पानं म्हणजे साधारणपणे 16-16 एमबीच्या फाइली, आणि प्रायमरी त्या कायमच्या जपून ठेवत नाही. ठरावीक साठा झाला की जुन्या काढून टाकतो किंवा त्यांचीच जागा पुन्हा वापरतो. सेकंडरीने त्या वाचल्या की नाही, याची त्याला पर्वा नसते. पर्वा करायला लावता येते. एक तर प्रत्येक पान काढून टाकण्याआधी दुसरीकडे साठवून ठेवायचं, याला आर्कायव्हिंग म्हणतात. किंवा रेप्लिकेशन स्लॉट लावायचा, मग सेकंडरीने वाचेपर्यंत प्रायमरी पान सोडत नाही. मात्र सेकंडरी फारच रेंगाळला तर प्रायमरीचीच डिस्क तुडुंब भरायची भीती. गिटलॅबकडे आर्कायव्हिंग नव्हतं. म्हणजे डीबी-2 एका मर्यादेपलीकडे मागे पडला, की त्याला पुन्हा गाठणं अशक्य. मग सगळी प्रत पहिल्यापासून नव्याने काढायची.

ती संध्याकाळ

वेळा सगळ्या यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतल्या, आहेत. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवायचे.

मंगळवारी संध्याकाळी 5:20 च्या सुमाराला एका इंजिनिअरने प्रॉडक्शन डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, काढला आणि तो स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, चढवला. असा स्नॅपशॉट दिवसातून एकदा आपोआप निघत असे, पण त्याला ताजा डेटा हवा होता. सगळा भार एका डीबी-1 वर पडतो, तो अनेक सर्व्हरवर वाटता येईल का, हे तो पीजीपूल हे अवजार वापरून तपासत होता. हा स्नॅपशॉट संकटासाठी काढलेला नव्हता हे लक्षात असू द्या, त्याच्याकडे परत यायचं आहे.

सातच्या सुमारास डीबी-1 वरचा भार अचानक वाढला. पहिला संशय स्पॅमवाल्यांवर गेला, आणि ते होतेही. स्निपेटचा मारा चालू होता. एका खात्यावर तर 47,000 वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून लॉगिन होत होतं. कोणीतरी आपली रेपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवायची जागा, फाइलवाटपाच्या फुकट सोयीसारखी वापरत होता. पण भाराचं आणखी एक कारण नंतर कळलं, आणि ते वाचताना हसावं की कपाळाला हात लावावा कळत नाही. कुणा खोडसाळ माणसाने गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार केली होती. तक्रार तपासताना चूक झाली आणि ते खातं हटवायच्या यादीत गेलं. त्या कर्मचाऱ्याचा वर्षानुवर्षांचा पसारा मुळापासून उपटायचं काम मागे गुपचूप चालू होतं.

एवढ्या लिखाणाची कीर्द डीबी-2 ला झेपेना. रात्री दहा-अकराच्या दरम्यान इशारा वाजला: रेप्लिकेशन थांबलंय. डीबी-2 सुमारे 4 जीबीने मागे होता आणि त्याला हवी असलेली पानं डीबी-1 वरून केव्हाच गेली होती. ज्या इंजिनिअरने संध्याकाळी स्नॅपशॉट काढला तोच अजून कामावर होता. आता उशीर झाला, निघतो, असं तो म्हणालाही होता. त्याच्या गावी तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. हे प्रकरण मध्येच उपटलं म्हणून तो थांबला.

काहीच न बोलणारी कमांड

नवी प्रत काढायची पद्धत ठरलेली. डीबी-2 वरची डेटा डिरेक्टरी साफ करायची आणि पीजी-बेसबॅकअप चालवायचं. ते डीबी-1 वरून सगळं ओढून आणतं. पीजी-बेसबॅकअपला डिरेक्टरी रिकामीच लागते, आत काही असेल तर ते काम नाकारतं. म्हणून डीबी-2 वरचा डेटा पुसला.

या क्षणाला गिटलॅबच्या प्रॉडक्शन डेटाबेसची चालू प्रत जगात एकच उरली, डीबी-1 वरची. रात्रीचा खरा कडेलोट मी इथे मानतो. पुढची प्रसिद्ध चूक घडायला अजून वेळ होता.

पीजी-बेसबॅकअप चालेना. आधी डीबी-1 ने तक्रार केली की वॉल पाठवणाऱ्या जोडण्यांची मर्यादा कमी आहे. इंजिनिअरने ती 3 वरून 32 केली. ही सेटिंग रिस्टार्टशिवाय लागू होत नाही. रिस्टार्ट करायला गेला तर पोस्टग्रेस उठायलाच तयार नाही: एकूण जोडण्यांची मर्यादा 8,000 ठेवलेली, तेवढ्यांसाठी लागणारी सेमाफोर (प्रक्रियांचा ताळमेळ राखणारी साधनं) ऑपरेटिंग सिस्टिमकडे नाहीत. गंमत अशी की 8,000 हा आकडा जवळजवळ वर्षभर तसाच चालत आला होता. तो 2,000 वर आणला तेव्हा कुठे डीबी-1 उठला.

आता सगळं ठीक असायला हवं होतं. डीबी-2 वर पीजी-बेसबॅकअप पुन्हा सुरू केलं. स्क्रीनवर काहीही नाही. एरर नाही, टक्केवारी नाही, कमांड संपल्याचा प्रॉम्प्टही नाही, नुसता लुकलुकणारा कर्सर. बंद केलं, पुन्हा चालवलं, तेच.

प्रत्यक्षात बहुधा काही बिघडलेलं नव्हतं. पीजी-बेसबॅकअप कॉपी सुरू करण्याआधी प्रायमरीचा चेकपॉइंट, म्हणजे साचलेले बदल मुख्य फाइलींत उतरवायचं काम, पूर्ण व्हायची वाट बघतं, आणि मुद्दाम सांगितलं नाही तर तो चेकपॉइंट प्रायमरीवर ताण येऊ नये म्हणून संथपणे केला जातो. तोपर्यंत हे साहेब तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. गिटलॅबच्या स्वतःच्या रनबुकमध्ये, म्हणजे कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या वहीत, हे लिहिलेलं नव्हतं आणि पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही ठळकपणे नव्हतं. पोस्टग्रेसच्या पुढच्या आवृत्तीत, सविस्तर माहिती मागितली की चेकपॉइंटची वाट बघत असल्याची एक ओळ छापली जाऊ लागली. त्या एका ओळीची किंमत ज्याने अशा वेळी स्क्रीनकडे टक लावली आहे त्यालाच कळेल.

मध्यरात्रीच्या आसपास, तिसऱ्या-चौथ्या खटपटीनंतर, माणूस कारणं शोधू लागतो. इंजिनिअरला वाटलं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नात डीबी-2 वर डेटा डिरेक्टरी तयार झाली असेल, रिकामी का असेना, आणि पीजी-बेसबॅकअप तिच्यावरच अडून बसलं असेल. ती काढून टाकू. तर्क चुकीचा असला तरी वेडगळ नव्हता. त्याने डिरेक्टरी मुळासकट उडवणारी आरएम-आरएफ कमांड दिली.

दोन्ही सर्व्हरच्या खिडक्या उघड्या होत्या, कारण सेटिंग एकीकडे बदलायची आणि कॉपी दुसरीकडे चालवायची, असं तासभर चाललं होतं. प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरचं नाव दिसत होतं, पण दोन नावांत फरक एका आकड्याचा. कमांड गेली डीबी-1 वर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं आणि त्याने ती थांबवली. नोंद आहे 23:27 ची. भारतात बुधवारची पहाट, पाचला तीन मिनिटं कमी. सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरलं होतं.

पाच तजविजी

बॅकअपचा भाग सगळीकडे चघळला गेलाय, म्हणून थोडक्यात, एक अपवाद सोडून.

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर या क्लाउडचे डिस्क स्नॅपशॉट फाइल सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेस सर्व्हरसाठी नव्हते. बाकीचे उपाय पुरेसे आहेत असं धरून चाललं होतं. रेप्लिकेशनचं काय झालं ते वर आलंच. आपोआप निघणारा एलव्हीएम स्नॅपशॉट जवळजवळ दिवसभराइतका शिळा. राहिल्या दोन: रोजचा पीजी-डंप, म्हणजे डेटाबेसमधून काढलेली सगळ्या डेटाची फाइल, आणि ती जिथे जाऊन बसायला हवी होती ती अॅमेझॉनच्या एस-थ्री साठवणीतली बकेट. बकेट उघडली तर रिकामी.

अपवाद या डंपचा, कारण त्यातली साखळी बघण्यासारखी आहे. डेटाबेस होता पोस्टग्रेस 9.6 वर. गिटलॅबच्या पॅकेजमध्ये 9.2 आणि 9.6 दोन्हींची अवजारं होती आणि कुठलं वापरायचं हे पॅकेज डेटा डिरेक्टरीतल्या आवृत्तीच्या फाइलवरून ठरवत असे. डंपचं काम मात्र अॅप्लिकेशन सर्व्हरवर चाले. तिथे डेटा डिरेक्टरीच नाही, म्हणून पॅकेज निमूटपणे 9.2 धरत होतं. 9.2 चा पीजी-डंप 9.6 चा डेटाबेस बघून एरर देतो आणि थांबतो. बरं, एरर आली की क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी यंत्रणा, मेल पाठवतं. मेल जातही होती. पण कंपनीने मेलसाठी डीमार्क, म्हणजे बनावट मेल ओळखायची व्यवस्था, लागू केलं होतं आणि क्रॉनच्या मेलवर त्याची सही नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ती परत लावत होता. म्हणजे बॅकअप फसतोय हे सांगणारी यंत्रणाही फसत होती, आणि दोन्ही आवाज न करता.

रात्री उशिरा त्या डॉकमध्ये एक वाक्य उमटलं, ज्याचा आशय असा: पाच तजविजींपैकी एकही भरवशाने चालत नाही किंवा मुळात बसवलेलीच नाही. त्याच डॉकमध्ये अशीही नोंद आहे, की आज यापुढे आपण सुडो, म्हणजे सर्वाधिकार, वापरून काही चालवू नये हे बरं, असं तो इंजिनिअर म्हणतो आणि काम सहकाऱ्याकडे सोपवतो. त्याला नोकरीवरून काढलं नाही, नावही अहवालात छापलं नाही. चूक प्रक्रियेची मानली.

सहा तास शिळं, तरी हायसं

वाचवलं ते संध्याकाळच्या उद्योगाने. 5:20 चा तो स्नॅपशॉट स्टेजिंगवर होता. कोणाच्याही बॅकअपच्या यादीत नसलेली, लोड वाटता येतो का हे बघायला काढलेली प्रत.

पण स्टेजिंग म्हटल्यावर स्वस्तातलं सामान. तिथल्या डिस्क अझ्युअरच्या जुन्या, संथ प्रकारातल्या. तिथून प्रॉडक्शनमध्ये डेटा आणायला सुमारे 18 तास लागले, आणि घाई करायला काही वाव नव्हता. अडचण होती ती डिस्कच्या वेगाची. स्टेजिंगवर डेटा चढवताना वेबहुक (दुसऱ्या सर्व्हरना आपोआप निरोप धाडायच्या सोयी) काढून टाकायची पद्धत होती, नाहीतर चाचणीतून लोकांच्या खऱ्या सर्व्हरना निरोप जायचे, त्यामुळे वेबहुकचा वेगळा बंदोबस्त करावा लागला. साइट 1 फेब्रुवारीला संध्याकाळी सहाच्या सुमाराला परत आली. भारतातला कामाचा अख्खा बुधवार त्यात गेला. त्या दिवशी दिल्लीत अर्थसंकल्प मांडला जात होता, पहिल्यांदाच 1 फेब्रुवारीला. ज्यांचा कोड गिटलॅबवर होता त्यांना तो निवांत ऐकता आला असेल.

5:20 पासून मध्यरात्रीपर्यंत डेटाबेसमध्ये जे नव्याने पडलं ते गेलं. कंपनीचा अंदाज: सुमारे 5,000 प्रोजेक्ट, 5,000 कॉमेंट आणि 700 च्या आसपास नवी खाती. कोड आणि विकी वेगळ्या सर्व्हरवर असल्याने शाबूत राहिले. ज्यांनी गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं होतं, त्यांना काही झळ पोचली नाही.

परत उभं करताना त्यांनी एक गोष्ट फार शहाणपणाने केली, तिचा उल्लेख कमी होतो. डेटाबेसमधले सगळे अनुक्रमांक 1,00,000 ने पुढे ढकलले. का? समजा हरवलेल्या सहा तासांत एखाद्या प्रोजेक्टला एक नंबर मिळाला होता. तो प्रोजेक्ट आता डेटाबेसमध्ये नाही, पण त्या नंबराचे धागेदोरे इतरत्र शिल्लक असू शकतात. दुसऱ्या दिवशी कोणा भलत्यालाच तो नंबर मिळाला, तर एकाच्या नावावर दुसऱ्याचा माल चिकटायचा. अठरा तास जागरण झाल्यावर हे सुचणं सोपं नाही.

मग शिकायचं काय

‘रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे’ हे वाक्य कुठे लागू पडतं ते आधी बघू. डीबी-1 वर कोणी एखादं टेबल ड्रॉप केलं, किंवा अट न लावता डिलीट चालवलं, तर ते कीर्दीत उतरतं आणि सेकंडरी ते क्षणात इमानेइतबारे अमलात आणतो. तिथे प्रत तुम्हाला वाचवत नाही, चूक दुप्पट करते. पण त्या रात्री टेबल ड्रॉप झालं नव्हतं. पोस्टग्रेसच्या पाठीमागे ऑपरेटिंग सिस्टिमवरून फाइली उडवल्या गेल्या. असं उडवणं कीर्दीत येत नाही. डीबी-2 धडधाकट चालू असता, तर डीबी-1 वरच्या फाइली गेल्याने त्याच्या केसालाही धक्का लागला नसता. त्याला प्रायमरी करून साइट चालू ठेवता आली असती. म्हणजे नेमक्या याच प्रकारच्या चुकीपासून रेप्लिकेशन वाचवू शकतं. वाचवलं नाही, कारण प्रत आधीच पुसली होती.

धडधाकट सोडा, डीबी-2 वरचा तो मागे पडलेला डेटा नुसता बाजूला ठेवला असता तरी बरंच भागलं असतं. सेकंडरी मागे पडतो तेव्हा त्याच्यावरचा डेटा बिघडलेला नसतो. तो एका जुन्या क्षणाचा, पण आतून सुसंगत डेटाबेस असतो. उठवला तर उठतो. डीबी-2 मागे पडायला लागला तोच संध्याकाळी भार वाढल्यानंतर, म्हणजे त्याच्यावरचा डेटा 5:20 च्या स्नॅपशॉटपेक्षा ताजा असणार. शिवाय तो प्रॉडक्शनच्याच वेगवान डिस्कवर जागच्या जागी होता, संथ डिस्कवरून अठरा तास ओढत आणायची गरज नव्हती. 4 जीबी मागे आहे म्हणून एक प्रत कुचकामी ठरवून पुसली, आणि चार-पाच तासांत सगळी कंपनी सहा तासांहून जास्त मागे असलेल्या प्रतीसाठी देवाचे आभार मानत होती.

नंतर सगळेच शहाणे होतात, हे मला मान्य आहे. तो पुसण्याचा निर्णय कोणाच्या बेफिकिरीतून आला नव्हता. मागे पडलेला सेकंडरी ‘तुटलेला’ समजायचा, तुटलेलं फेकून द्यायचं आणि नवं आणायचं, हा रिवाज आहे. बहुतेक रनबुकांत पहिली पायरी तीच असते. अवजारही तसंच वळण लावतं: रिकामी डिरेक्टरी दे, नाहीतर हलणार नाही. आणि रिकामं करायचं म्हटलं की हात सवयीने आरएमकडे जातो. पुढची चूक याच सवयीची धाकटी बहीण होती. डीबी-2 वर डिरेक्टरी पुसायची सवय हातात बसली नसती, तर मध्यरात्री डीबी-1 वर तीच कमांड इतक्या सहज उमटली नसती, असं मला वाटतं.

गिटलॅबने नंतर बरीच कामं केली. प्रॉम्प्ट असे बदलले की कुठल्या सर्व्हरवर आणि कुठल्या वातावरणात आहोत हे चटकन दिसावं. एलव्हीएम स्नॅपशॉट दिवसातून एकदाऐवजी दर तासाला निघू लागले. बॅकअप नुसता निघतो की नाही यावर नजर ठेवणं, तो परत चढवून बघायची चाचणी स्वयंचलित करणं, आणि डेटा टिकवण्याची जबाबदारी एका नेमक्या माणसावर टाकणं, अशीही कामं यादीत होती. यातली परत चढवून बघायची चाचणी सगळ्यात मोलाची, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी होणारी. रंगीत प्रॉम्प्टचं मला फारसं अप्रूप नाही. महिन्याभरात डोळा लाल रंगालाही सरावतो.

माझ्या यादीत पहिलं काम वेगळं असतं, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. रेप्लिका नव्याने उभारायच्या रनबुकमधून पुसणारं आरएम काढून टाकायचं आणि तिथे नाव बदलणारं एमव्ही लिहायचं. डेटा डिरेक्टरीचं नाव बदलून मागे तारीख जोडायची. त्याच डिस्कवर नाव बदलायला क्षणही लागत नाही, पीजी-बेसबॅकअपला रिकामी जागा मिळते, आणि चुकून प्रायमरीवर चाललंच तरी पोस्टग्रेस कोसळेल, पण डेटा शेजारीच दुसऱ्या नावाने पडलेला असेल. नवी प्रत तयार झाली, तिचा लॅग, म्हणजे मागे पडलेलं अंतर, शून्यावर आला, ती तशी टिकली, की मगच जुनी जाते.

यावर हमखास येणारी हरकत जागेची असते. 300 जीबीच्या डेटाबेसला दुप्पट डिस्क कुठून आणायची? तात्पुरती आणायची. क्लाउडवर जादा डिस्क जोडणं आणि आठवड्याने सोडून देणं हे काही मिनिटांचं काम आहे, आणि ती सेकंडरीला जोडायची असल्याने प्रायमरीला हातही लावावा लागत नाही. नवी प्रत त्या नव्या डिस्कवर उतरवायची, जुनी होती तिथेच राहू द्यायची. दुसरी हरकत जास्त खरी आहे: जुन्या डिरेक्टऱ्या कोणी पुसत नाही, त्या साचतात, आणि सहा महिन्यांनी डिस्क भरल्याचा इशारा पहाटे वाजतो. त्याला उत्तर एवढंच, की पुसणं ही रनबुकची शेवटची पायरी असावी, तिच्यावर तारीख असावी, आणि ती पायरी दिवसाउजेडी, दोघांनी मिळून, कुठल्या सर्व्हरवर आहोत ते मोठ्याने वाचून करावी.